डब्यात काय होतं?

ओडेल क्रॅनफर्ड या माणसाबद्दल मला एकही चांगला शब्द लिहायचा नाही, हे आधीच सांगून टाकते. तो माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठा होता, तरी त्याला अहो-जाहोही करणार नाही. तीन वर्षं मी त्याच्या शेजारी उभी राहून तो बोलेल ते जपानीत सांगत होते आणि त्या तीन वर्षांत त्याने मला एकदाही नावाने हाक मारली नाही. 'इंटरप्रिटर' म्हणायचा. आमच्या घरातल्या वॉशिंग मशीनशीसुद्धा मी याहून आपुलकीने बोलते.

मी कावासाकीतल्या ज्या कंपनीत काम करते तिचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आहे. पुण्यात होते तोवर हा खेळ कशाशी खातात हे मला माहीत नव्हतं. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर उशा बांधल्यासारखे पॅड आणि लंबगोल चेंडू घेऊन पळणाऱ्याला बाकीच्यांनी अंगावर धावून जाऊन पाडायचं, एवढं आता कळतं. खेळाडू म्हणजे कंपनीचीच माणसं. सोमवार ते शुक्रवार टाय लावून ऑफिसात बसायची आणि शनिवार-रविवार तामा नदीकाठच्या मैदानावर एकमेकांना आपटायची. कोच मात्र अमेरिकेतून आणलेला.

मी इथे आले अनिरुद्धच्या, म्हणजे नवऱ्याच्या, आयटी कॉन्ट्रॅक्टमागे. दोन वर्षं घरी बसून जपानीच्या परीक्षा दिल्या आणि मग या कंपनीत चिकटले. इंग्रजी आणि जपानी दोन्ही येणारी म्हणून संघाची दुभाषी झाले. सामन्याच्या दिवशी सगळ्यांसाठी जेवणाचे डबे मागवायचं कामही माझ्याकडेच आलं. संघाचे मॅनेजर सुगिमोतो-सान म्हणाले होते, "मेधा-सान, कोच थोडे स्पष्टवक्ते आहेत." जपानी माणूस दुसऱ्याला स्पष्टवक्ता म्हणाला की आपण सावध व्हायला हवं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्याने मला वरून खाली पाहिलं आणि सुगिमोतो-सानना म्हणाला, "मी दुभाषी मागितला होता. ही कुणाची मावशी आणलीत?" हे वाक्य जपानीत करून सांगायचं कामही माझंच. मी म्हटलं, "कोच म्हणतात, भेटून आनंद झाला."

तीच माझी सुरुवात झाली. पुढे तीन वर्षं मी सारवासारवच केली.

दिसायला तो चौकोनी होता. मान जवळजवळ नाहीच. डाव्या हाताची दोन बोटं कधीच सरळ होत नसत आणि जिना उतरताना तो अंग तिरकं करून एकेक पायरी उतरे. तारुण्यात नऊ वर्षं तो अमेरिकेत व्यावसायिक खेळाडू होता. बचावफळीतला. त्याच्या जागेला सेफ्टी म्हणतात. सगळ्यांत मागे उभं राहायचं आणि पुढचे दहाही जण चुकले की चेंडूवाल्याला अडवायचं. मग गुडघे गेले, हा कोच झाला, दोन-तीन कॉलेजांनी ठेवला आणि काढला, आणि तो आमच्या नशिबी आला. का काढला असेल याचं उत्तर मला पहिल्याच आठवड्यात मिळालं होतं.

आमचे खेळाडू मैदानात येताना आणि जाताना रांगेत उभे राहून मैदानाला वाकून नमस्कार करतात. मला ते फार आवडायचं. आपल्याकडे नाही का, तालमीत उतरताना मातीला हात लावतात. हा मात्र त्या वाकलेल्या पाठींमागून ताठ चालत जायचा. एकदा मी सांगून पाहिलं. म्हणाला, "मी आयुष्यभर जमिनीला पुरेसं तोंड लावलंय."

नावं तो कुणाचीच घेत नसे. खेळाडू म्हणजे नंबर. बावन्न, इकडे ये. अठ्ठ्याऐंशी, तू झोपलास का? तीस-पस्तीस वर्षांची, घरी मुलंबाळं असलेली, ऑफिसात सेक्शनप्रमुख असलेली ही माणसं नंबराला ओ देत धावायची. त्याने माझा तिळपापड व्हायचा. आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो मला विचारायचा, "इंटरप्रिटर, तू कुठली?" मी सांगायचे, पुणे. पुन्हा तोच प्रश्न. चौथ्यांदा विचारलं तेव्हा माझा संयम संपला. म्हटलं, "मंगळावरची." त्याने खिशातून वही काढली आणि मान खाली घालून लिहून घेतलं. मी घरी येऊन अनिरुद्धला हे रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "अगं, टोटल इग्नोर कर त्याला. पेपर टाकून जॉब सोडायचा असेल तर सोड." पण मला ते काम आवडत होतं. आवडत नव्हता फक्त हा माणूस.

त्याचं बोलणं तोंडातल्या तोंडात घोटाळणारं होतं. कंपनीत इंग्रजी शिकलेले बरेच होते, पण त्याचं इंग्रजी कुणाच्याच हाती लागत नसे. त्यामुळे मैदानावर तो काय म्हणतो हे मी सांगेन तेच खरं. तो गरजायचा, "तू माणूस अडवतोयस की आजीचा कोट काढून देतोयस?" मी सांगायचे, "पुढच्या वेळी थोडा जास्त जोर लावाल का?" तो म्हणायचा, "तुझ्यापेक्षा गोलपोस्ट जास्त हलतो." मी सांगायचे, "पावलांचा वेग वाढवायला वाव आहे." खेळाडू मला "हाय" म्हणजे 'हो' म्हणून मान डोलवायचे आणि मला वाटायचं, या भल्या माणसांना या राक्षसापासून मीच वाचवतेय. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा.

एकदा त्याने मला थांबवलं.

"मी सात शब्द बोललो," तो म्हणाला. "तू चाळीस बोललीस. बाकीचे कुणाचे?"

"जपानी भाषा लांबलचक असते, कोच."

 त्यानंतर मी बोलत असताना तो मांडीवर बोटं आपटत शब्द मोजायचा. एक अक्षर कळत नसताना मोजायचा.

आता डब्यांबद्दल सांगते.

सामन्याच्या दिवशी बारा वाजता सगळे मैदानाच्या कडेला निळ्या प्लास्टिकवर बसून सारखेच, आत खण पाडलेले चौकोनी डबे खायचे. क्रॅनफर्ड आमचा डबा कधी खात नसे. कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, आणलेली दोन अंड्याची सँडविचेस तो उभ्याने, भिंतीकडे तोंड करून खायचा. पण त्याआधी एका डब्याचं झाकण उघडायचा, आत काय आहे ते वहीत लिहायचा आणि झाकण लावून परत ठेवायचा. मला वाटलं, हा माझी तपासणी करतोय. मग एका सामन्यात बावन्न नंबरच्या डोक्याला जोरात लागलं. क्रॅनफर्ड त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला, वही उघडली आणि मला म्हणाला, "विचार त्याला. डब्यात काय होतं?"

ही त्याची परीक्षा. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून ओळीने तीन पदार्थ सांगायचे. सांगता आले तर आत. नाही आले तर तीन आठवडे बाहेर, वाद नाही. मोठ्या सामन्यांना डॉक्टर असायचे आणि ते काय तपासायचं ते तपासायचे, पण सरावाच्या सामन्यांना बर्फाची पेटी घेतलेला एक ट्रेनर असायचा फक्त. तिथे सगळा कारभार या प्रश्नावर. चार लोकांदेखत एका इंजिनिअरला 'बाळा, काय जेवलास' म्हणून विचारायचं, हा मला शुद्ध पाणउतारा वाटायचा.

आमच्याकडे मोरिता-सान नावाचे एकवीस नंबरचे खेळाडू होते. तेही सेफ्टीच, म्हणजे क्रॅनफर्डच्याच जागेवरचे, आणि म्हणून त्याच्या तावडीत सर्वांत जास्त सापडणारे. वय एकतीस. मी नवीन असताना डब्यांचे क्रेट गाडीतून उतरवायला न बोलावता येणारा हा एकमेव माणूस. आमच्या बिल्डिंगच्या कचऱ्याचं वेळापत्रक त्यांनी मला रंगीत पेनांनी लिहून दिलं होतं, ते अजून फ्रिजवर आहे. वसंतात एका सराव सामन्यात त्यांना लागलं आणि तिसरा पदार्थ आठवला नाही. तीन आठवडे बाहेर बसले. तेवढ्यात त्यांची जागा एका नव्याने पटकावली. क्रॅनफर्ड म्हणाला, "एकवीसला सांग, पुन्हा नापास झाला तर या मोसमाच्या यादीत त्याचं नाव नसेल." हे मी जसंच्या तसं सांगितलं, कारण याची सारवासारव कशी करायची ते मला सुचलं नाही. मोरिता-सान म्हणाले, "मुलीला एकदा तरी मला खेळताना बघू दे. आता कुठे तिला कळायला लागलंय." त्यांची मुलगी तीन वर्षांची होती.

मग मी एक युक्ती केली. डब्यांची यादी आदल्या दिवशीच खेळाडूंच्या ग्रुपवर टाकायला लागले. उद्या भात, सॅल्मन, कमळकाकडी, अंड्याचा रोल. कुणी ती मनगटाच्या पट्टीवर लिहायचे, कुणी पाठ करायचे. दोन महिने सगळे पहिल्या श्रेणीत पास. क्रॅनफर्ड मूर्ख नव्हता. एका रविवारी त्याने एकाच्या मनगटावरची पट्टी सोडली, तिच्यावरची अक्षरं बघितली आणि माझ्याकडे आला. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी खेळायचो तेव्हा डोक्याला लागलं की विचारायचे, आज वार कोणता," तो म्हणाला. "मला माहीत नव्हता. शेजारचा कुजबुजला, रविवार. माझा दोस्त होता. फार चांगला माणूस. मी रविवार म्हटलं आणि आत गेलो. त्या सामन्याचं पुढचं मला आठवत नाही. त्या वर्षाचंही फारसं नाही. तू यांना मदत करू नकोस, इंटरप्रिटर. ही मदत नाही."

मी "हो" म्हटलं. मनात म्हटलं, स्वतःच्या दुखण्याचं भांडवल करून दुसऱ्यांवर दादागिरी करायची ही चांगली रीत आहे. नंबर, वही, तोच तोच प्रश्न, हे सगळं माझ्यासमोर तीन वर्षं पडलेलं होतं. मला ते जोडून बघायचंच नव्हतं. एखाद्यावर राग धरला की तो किती सोयीचा असतो.

ऑगस्टमध्ये एका विद्यापीठाच्या संघाशी सरावाचा सामना होता. नदीकाठ नुसता तापलेला. नवा सेफ्टी पाय मुरगळून बसला आणि मोरिता-सान आत गेले. मैदानाच्या कडेला त्यांची बायको छत्री घेऊन उभी होती आणि छत्रीखाली ती मुलगी, हातात गार चहाची बाटली घेऊन. दुसऱ्या डावात मोरिता-साननी एका धिप्पाड पोराला अडवलं. दोघं पडले. पोरगा उठला. मोरिता-सान जरा वेळाने उठले, हसले, त्या पोराला वाकून सॉरी म्हणाले आणि आमच्याकडे चालत यायच्या ऐवजी समोरच्या संघाकडे चालायला लागले. ट्रेनरने हात धरून आणलं.

क्रॅनफर्ड गुडघ्यावर बसला. "विचार."

मी विचारलं, "मोरिता-सान, आज डब्यात काय होतं?"

ते माझ्याकडे छान बघत होते. म्हणाले, "आज डबा बायकोने दिलाय."

डबा मी दिला होता. सगळ्यांना दिला होता तोच. हे मला कळलं. तेव्हाच कळलं, नंतर नाही. पण छत्रीखाली ती मुलगी टाचा उंचावून बघत होती, मोसमाच्या यादीतलं त्यांचं नाव या एका उत्तरावर अडलं होतं, आणि विचारणारा तो माणूस मला डोळ्यांसमोर नको होता. तीन वर्षांच्या सवयीने माझं तोंड आपोआप चाललं.

"भाजलेला सॅल्मन, कमळकाकडी, अंड्याचा रोल," मी इंग्रजीत म्हटलं.

क्रॅनफर्डने वहीत बघितलं. मग मोरिता-सानकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"तो एवढंसंच बोलला."

"जपानी कधीकधी छोटीही असते, कोच."

त्याची बोटं मांडीवर थांबली. मग त्याने वही मिटली. "ठीक आहे," तो म्हणाला. "दुभाषी तू आहेस."

चौथ्या का पाचव्या खेळीत मोरिता-सान पुन्हा कुणाच्या तरी अंगावर धावले. टक्कर फार मोठी नव्हती. ते उठले नाहीत.

डोक्यात रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन झालं आणि ते वाचले. आता ते आमच्याच कंपनीत अर्धा दिवस येतात, दुसऱ्या विभागात. उजवा पाय ओढत चालतात आणि बोलताना शब्द शोधावे लागतात. फुटबॉल संपला.

दोन आठवड्यांनी कंपनीत बैठक झाली. लांब टेबल, एका बाजूला वरिष्ठ, दुसऱ्या बाजूला क्रॅनफर्ड, आणि मधे मी. त्याने कोट घातला होता, तो त्याला खांद्यात घट्ट होत होता. सुगिमोतो-साननी अगदी हळू विचारलं, "कोचनी तपासणी केली होती का?" मी ते इंग्रजीत सांगितलं. क्रॅनफर्ड सरळ बोलला.

"मी डब्यातलं विचारलं. तो काय बोलला ते मला कळत नाही. ही सांगते ते कळतं. हिने तीन बरोबर पदार्थ सांगितले. तो खरंच काय म्हणाला होता ते आता हिलाच विचारा."

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या खोलीत सगळे कशाची तरी वाट बघत होते आणि ते काय हे मला चांगलं माहीत होतं. इथे अशा वेळी माफीची वाट बघतात.  कोचचं उत्तर म्हणून मी जपानीत सांगितलं, "मी खेळाडूची तपासणी केली. माझा अंदाज चुकला. मोरिता-सान आणि त्यांच्या कुटुंबीयांची मी मनापासून माफी मागतो."

एवढं म्हणून मी वाकले. टेबलापलीकडचे सगळे वाकले. सुगिमोतो-सानना थोडंफार इंग्रजी येतं आणि इतक्या दिवसांत क्रॅनफर्डचा एखाददुसरा शब्द ते पकडायला लागले होते. ते इतरांपेक्षा जरा उशिरा वाकले आणि सरळ झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त क्रॅनफर्ड ताठ बसून होता. माफी मागूनही मान न लववणारा माणूस, असा तो त्या टेबलाला दिसला. आठवडाभरात त्याचा करार संपवला.

घरी मी अनिरुद्धला सगळं सांगितलं. त्याने लॅपटॉप बंद केला. मग म्हणाला, "झालं ते झालं. आता बोललीस तर जॉब जाईल, आणि मोरिता-सानचा पाय काही बरा होणार नाही." मलाही हेच ऐकायचं होतं. मोरिता-सान कधी लिफ्टपाशी भेटले की वाकून म्हणतात, "मेधा-सान, त्या दिवशी मला आत जाऊ दिलंत. मुलीने पाहिलं." मी पुढची लिफ्ट पकडते.

क्रॅनफर्डला शेवटचं पाहिलं ते मैदानावरच. सामान घ्यायला आला होता. एका कापडी पिशवीत मावलं सगळं. मला टाळता आलं नाही, कारण लॉकरच्या चाव्या माझ्याकडे होत्या. मैदान रिकामं होतं. त्याने लॉकर रिकामा करून चाव्या परत दिल्या आणि म्हणाला, "तुझी नोकरी राहिली?"

"राहिली."

"बरं झालं. त्या खोलीत तू वाकलीस तेव्हाच मला कळलं, तू खरं सांगितलंस ते. मला वाटलं होतं शेपूट घालशील." त्याने पिशवीचे बंद ओढले. "आणि मी मोजत होतो. जेवढं मी बोललो, जवळपास तेवढंच तू बोललीस. पहिल्यांदाच."

मी म्हटलं, "मग तुम्हाला का काढलं, असं नाही वाटलं तुम्हाला?"

"सगळ्यांत मागे मी उभा होतो," तो म्हणाला. "पुढचा कुणीही चुकला तरी अडवायचं मीच. मला शंका आली होती आणि मी वही मिटली."

सांगायची वेळ तीच होती. एक वाक्य पुरलं असतं आणि या खेपेला ते कुणाच्या भाषेत बदलून सांगायचं नव्हतं. मी चाव्या हातात घेऊन नुसती उभी राहिले.

त्याने खिशातून वही काढली आणि मागची पानं उलटली. एका पानावर सगळे नंबर होते आणि प्रत्येक नंबरापुढे नाव, कुणाला मुलं किती, कुणाचा कोणता खांदा दुखतो. एकवीस, मोरिता, एक मुलगी. सगळ्यांत खाली लिहिलं होतं : इंटरप्रिटर, मंगळावरची. आणि कंसात, चेष्टा असावी, पुन्हा विचारणे.

"नाव काय तुझं?" त्याने विचारलं. "आणि कुठली? या वेळी खरं सांग."

मी सांगितलं. त्याने मंगळ खोडला आणि वाकड्या बोटांनी सावकाश लिहिलं, मेधा, पुणे. त्याच्यापुढे आणखी दोन शब्द लिहिले आणि स्पेलिंग तपासायला वही माझ्यासमोर धरली.

मेधा, पुणे. खरं सांगते.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्याने वही खिशात ठेवली, पिशवी उचलली आणि मैदानाकडे न बघता, नदीच्या बांधाच्या पायऱ्या अंग तिरकं करून एकेक करत चढून गेला.